चारावरून दोनावर

मे २०१३ च्या मध्यावर ‘प्रॉस्पेक्ट पार्क’ या अमेरिकी निर्मितीसंस्थेने आपल्या प्रेक्षकांना उद्देशून एक पत्र प्रसिद्ध केलं. बंद पडलेल्या दोन जुन्या दैनंदिन मालिका या संस्थेने इंटरनेटवर नव्याने सुरू केल्या होत्या आणि त्याला जेमतेम तीन आठवडे झाले होते. पत्राचा मतलब असा : आम्ही आठवड्याला प्रत्येक मालिकेचे चार भाग देत होतो, पण तुमच्याच्याने ते वेळेवर पाहून होत नाहीत असं आकडे सांगतात, तेव्हा यापुढे दोनच देऊ.

प्रेक्षक भडकले. मालिका बंद होणार म्हटल्यावर ज्यांनी वाहिनीला पत्रांवर पत्रं लिहिली, फोन केले, रस्त्यावर येऊन निदर्शनं केली आणि दीड वर्ष वाट पाहिली, त्यांना ‘तुम्हाला जास्त होतंय’ असं सांगणं म्हणजे उपाशी माणसाच्या हातावर पाचक चूर्ण ठेवणं होतं. पण हा राग नेमका कशाचा होता, हे शोधायला लागलं की दैनंदिन मालिका नावाच्या यंत्राच्या पोटात शिरावं लागतं. तिथे ‘गती’ हे प्रकरण बाहेरून दिसतं तितकं साधं नाही.

आधी त्या दोन मालिका. ‘वन लाइफ टू लिव्ह’ एबीसी वाहिनीवर जुलै १९६८ मध्ये सुरू झाली आणि ‘ऑल माय चिल्ड्रन’ जानेवारी १९७० मध्ये. दोन्हींची जन्मदात्री एकच, ॲग्नेस निक्सन. पेनसिल्व्हेनियातली लॅनव्ह्यू आणि पाइन व्हॅली ही दोन काल्पनिक गावं तिने वसवली आणि चाळीसेक वर्षं ती नांदती राहिली. पाइन व्हॅलीचे दहा हजारांहून अधिक भाग झाले, लॅनव्ह्यूचे अकरा हजारांहून अधिक. एरिका केन ही भूमिका सुझन लुचीने पहिल्या वर्षापासून २०११ पर्यंत केली. एमी पुरस्कार तिला एकोणिसाव्या नामांकनाला, १९९९ मध्ये मिळाला, आणि तोवर तिचं दरवर्षी हरणं हाही प्रेक्षकांच्या जिव्हाळ्याचा विषय झाला होता. एप्रिल २०११ मध्ये एबीसीने दोन्ही मालिका बंद करण्याचं जाहीर केलं. एकीच्या जागी खाण्यापिण्याचा गप्पांचा कार्यक्रम येणार होता, दुसरीच्या जागी राहणीमान सुधारण्याचा. प्रेक्षकांचा संताप इतका होता की व्हॅक्यूम क्लीनर बनवणाऱ्या हूवर कंपनीने निषेध म्हणून एबीसीवरच्या आपल्या जाहिराती काढून घेत असल्याचं सांगितलं. मालिका बंद होते म्हणून जाहिरातदार वाहिनीवर रुसला, असं फारसं कधी घडलेलं नाही. तरीही २३ सप्टेंबर २०११ ला पाइन व्हॅली आणि १३ जानेवारी २०१२ ला लॅनव्ह्यू पडद्यावरून गेली.

दैनंदिन मालिकेवर सगळ्यात जुना आरोप संथपणाचा. आपल्याकडे त्यासाठी ‘पाणी घालतात’ हा शब्दप्रयोग रूढ आहे आणि तो वापरणारी माणसं बहुधा त्याच मालिकेचा कालचा भाग पाहिलेली असतात. हा विरोधाभास अमेरिकी अभ्यासक रॉबर्ट ॲलन यांनी १९८५ च्या आपल्या पुस्तकात फार चांगला उलगडला आहे. त्यांचं म्हणणं असं, की सोप ऑपेरा, म्हणजे अशी दैनंदिन मालिका, चुकूनमाकून पाहणाऱ्याला तीच ती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितल्यासारखी वाटते. नेहमीच्या प्रेक्षकाला मात्र घटनेपेक्षा ती कोणाकडून कोणाला कळली, यात रस असतो. ‘आई कुठे काय करते’ ही मालिका आठवा. अनिरुद्ध आणि संजनाचं प्रकरण अरुंधतीला कळलं, ही घटना एका ओळीची आहे. पण ती कांचनआईला कशी कळेल, अप्पा काय बोलतील, यश कोणाच्या बाजूने उभा राहील, ईशा रुसेल की कोसळेल, याचे आठवडेच्या आठवडे होतात. ज्याला ही माणसं माहीत नाहीत त्याच्यासाठी ते पाणी. ज्याला माहीत आहेत त्याच्यासाठी प्रत्येक वेळी नवी घटना घडलेली असते.

टानिया मॉडलेस्की या अभ्यासिकेने १९८२ मध्ये आणखी एक मुद्दा मांडला होता. दुपारच्या मालिकेची लय घरकाम करणाऱ्या बाईच्या दिवसाशी जुळलेली असते. तिचं काम सतत तुटतं, मालिकाही तुटत तुटत जाते. मूल रडलं, दार वाजलं, पाच मिनिटं बुडाली तरी बिघडत नाही, कारण बुडालेलं परत सांगितलं जाणारच आहे. पुनरावृत्ती हा लेखकांचा आळस असतो तशी ती प्रेक्षकाची सोयही असते. (आळसही असतो, हे मी मुद्दाम म्हणतो. सगळ्याच पाण्याला सिद्धांताचा आधार देण्याची गरज नाही.)

आता यातली मौज अशी, की गोष्टीचा वेग कमीजास्त झाला म्हणून सोप ऑपेराचा प्रेक्षक सहसा सोडून गेलेला नाही. १९७८ मध्ये एबीसीचीच ‘जनरल हॉस्पिटल’ बंद पडण्याच्या बेतात होती. ग्लोरिया माँटी निर्माती म्हणून आली आणि तिने लांबलचक संवादांचे प्रसंग छाटून छोटे केले, एका भागात कितीतरी जास्त प्रसंग बसवले, कॅमेरा हलता ठेवला. मालिका पळायला लागली आणि नोव्हेंबर १९८१ मध्ये ल्यूक आणि लॉराच्या लग्नाला सुमारे तीन कोटी प्रेक्षक भर दुपारी हजर होते. याच्या अगदी उलटं टोक म्हणजे १९९९ मध्ये एनबीसीवर सुरू झालेली ‘पॅशन्स’. तिच्यात एकेक दिवस कित्येक आठवडे चाले. एखादी पार्टी सुरू झाली की ती संपेपर्यंत प्रेक्षकाच्या घरातला महिना उलटायचा. लोक बोटं मोडत, थट्टा करत आणि उद्या पुन्हा बसत. एक मालिका धावणारी, एक जागेवर उभी; दोघींमध्ये समान इतकंच की त्या सोमवार ते शुक्रवार रोज भेटायच्या.

भागाच्या लांबीचंही तेच. ‘वन लाइफ टू लिव्ह’ अर्ध्या तासाची होती, १९७६ मध्ये पाऊण तासाची झाली, १९७८ मध्ये एका तासाची. ‘ऑल माय चिल्ड्रन’ १९७७ मध्ये तासाची झाली. अर्ध्याचा तास झाला तरी प्रेक्षकांनी तो सामावून घेतला. दिवसाचा कोणता प्रहर मालिकेचा, हे ठरलेलं होतं. वाहिनीवर नाताळ आला की पाइन व्हॅलीतही नाताळ यायचा. तिथली माणसं आपल्याबरोबरच म्हातारी होत होती. (मुलं सोडून. मुलं माडीवर झोपायला जातात आणि पुढच्या महिन्यात कॉलेजात जाणारी होऊन खाली उतरतात, ही सोप ऑपेराची सर्वमान्य थापेबाजी आहे.)

म्हणजे गती दोन प्रकारची. एक घटनांची, एक भेटींची. घटनांची गती लेखकाच्या हातात असते आणि तिच्याविषयी तक्रार करणं हा प्रेक्षकाच्या आनंदाचाच भाग असतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला इंटरनेटवर जमणाऱ्या सोप ऑपेराच्या चाहत्यांचा अभ्यास नॅन्सी बेम यांनी केला, त्यात ‘ऑल माय चिल्ड्रन’चेच चाहते मुख्य होते. त्यांना काय दिसलं? ही माणसं मालिकेला मनसोक्त नावं ठेवतात, आणि कोणाचा भाग बुडला तर दुसरा कोणी त्याला साग्रसंगीत हकिकत लिहून पाठवतो. नावं ठेवण्यासाठीसुद्धा सगळ्यांनी एकच भाग पाहिलेला लागतो. भेटींच्या गतीबद्दल मात्र सहसा कोणी बोलत नाही, कारण ती गृहीत धरलेली असते. ती बदलली की मगच कळतं ती होती.

आणि पुनरुज्जीवित मालिकेची गोम नेमकी इथे आहे. बंद पडलेली मालिका परत आणणारा माणूस बहुतेक वेळा घटनांची गती वाढवतो आणि भेटींची कमी करतो. पैसे कमी असतात म्हणून भाग कमी, आणि भाग कमी म्हणून प्रत्येकात जास्त कोंबायचं. प्रेक्षकाला बहुधा याच्या बरोबर उलटं हवं असतं.

२९ एप्रिल २०१३ ला दोन्ही मालिका हुलू आणि आयट्यून्सवर परतल्या. चित्रीकरण कनेटिकट राज्यातल्या स्टॅमफर्डमध्ये, एकाच ठिकाणी. भाग अर्ध्या तासाचा, म्हणजे १९७० मध्ये होता तेवढाच. एरिका केन नव्हती. पण एरिका स्लेझाक, जिने १९७१ पासून लॅनव्ह्यूच्या व्हिकीची भूमिका केली होती, ती होती. इंटरनेटवर सेन्सॉरचा काच नाही म्हणून पात्रांच्या तोंडी शिव्याही आल्या. चाळीस वर्षं ज्यांना सभ्यपणे भांडताना पाहिलं त्यांनी अचानक असं बोलावं, हे प्रेक्षकांना रुचलं नाही आणि शिव्या लवकरच कमी झाल्या.

पण शिव्यांपेक्षा मोठा घाव पाइन व्हॅलीच्या काळाला बसला होता. एबीसीवरच्या शेवटच्या भागात जेआर चँडलर भरल्या घरात बंदूक रोखून गोळी झाडतो आणि पडदा काळा होतो. गोळी कोणाला लागली, हे प्रेक्षकांना एकोणीस महिने माहीत नव्हतं. मालिका परतली तेव्हा पाइन व्हॅलीत पाच वर्षं उलटली होती. जेआरची घटस्फोटित बायको मरिसा मेलेली होती, जेआर पाच वर्षं कोमात होता, आणि लहान पोरं वयात आली होती. आपल्या भाषेत, मालिकेने लीप घेतला होता. व्यवहाराच्या दृष्टीने ते चूक नाही : नवा प्रेक्षक आत येतो, तरुण पात्रं हाताशी येतात, जुने धागे एका झटक्यात बांधले जातात. पण आधी सांगितलेलं ॲलन यांचं म्हणणं आठवून पाहा. गोळीच्या त्या एका आवाजात सोप ऑपेराला सहा महिने पुरेल एवढी शिदोरी होती. मरिसा गेल्याचं कोणाला कधी कळलं, तिच्या माणसांनी ते कसं सोसलं, जेआरच्या उशाशी कोण बसलं आणि कोण बसलं नाही, हे सगळं न दाखवताच होऊन गेलं. प्रेक्षकाला उत्तर मिळालं, सुतक मात्र मिळालं नाही.

ऑस्ट्रेलियातल्या ‘नेबर्स’ने दहा वर्षांनी हाच खेळ जास्त धिटाईने केला. १९८५ पासून चाललेली ही मालिका जुलै २०२२ मध्ये निरोप समारंभासकट संपली होती. ब्रिटनमधला तिचा प्रेक्षक तर ऑस्ट्रेलियातल्यापेक्षा हळवा. शेवटच्या भागात टॉडीचं मेलनीशी लग्न झालं होतं आणि टेरीस पॉलकडे परतली होती. सप्टेंबर २०२३ मध्ये ॲमेझॉनने मालिका परत आणली तेव्हा पहिल्याच भागात लग्न होतं टॉडी आणि टेरीसचं. चाहते चक्रावले, बरेचसे चिडले. ज्या दोन सुखी शेवटांसाठी ते सदतीस वर्षांचा निरोप घेताना रडले होते, ते दोन्ही गोष्टीतल्या मधल्या दोन वर्षांत कोणीतरी मोडून टाकले होते आणि कारणही सांगितलं नव्हतं. कारण पुढे फ्लॅशबॅकच्या भागांतून दिलं गेलं. म्हणजे लेखकांना ठाऊक होतं की प्रेक्षकाची थकबाकी आहे. त्यांनी ती हप्त्याने फेडली. मला ही युक्ती पाइन व्हॅलीच्या लीपपेक्षा प्रामाणिक वाटते. शिवाय ‘नेबर्स’ आठवड्याला चार दिवस भेटत राहिली, डिसेंबर २०२५ मध्ये दुसऱ्यांदा संपेपर्यंत.

लीपवर एक तिसराही उपाय आहे आणि तो आपल्या सिंधुदुर्गातला आहे. ‘रात्रीस खेळ चाले’ २०१६ मध्ये सुरू झाली तीच मुळी अण्णा नाईकांच्या मृत्यूने. २०१९ मध्ये मालिका परत आणायची ठरली तेव्हा लेखकांनी पुढे उडी मारण्याऐवजी मागे मारली. अण्णा जिवंत, शेवंता तरुण, वाडा नांदता. प्रेक्षकाने काही बुडवलेलंच नव्हतं, त्यामुळे बुडाल्याची तक्रार नाही. शेवट आधीच माहीत, त्यामुळे पळण्याची घाई नाही. दुसरं पर्व पहिल्याहून जास्त गाजलं त्यात अण्णा आणि शेवंता साकारणाऱ्या माधव अभ्यंकर आणि अपूर्वा नेमळेकर यांचा वाटा मोठा आहेच, पण या निवांतपणाचाही आहे.

‘क्योंकी सास भी कभी बहू थी’ला ही सवलत नव्हती. २००८ मध्ये थांबलेली मालिका जुलै २०२५ मध्ये परतली तेव्हा तुलसी आणि मिहीर खरोखरच सतरा वर्षांनी थोराड झालेले होते. मधला काळ लपवायची सोयच नव्हती. मात्र भेटीच्या बाबतीत स्टार प्लसने धोका पत्करला नाही. मर्यादित भागांची म्हणून गाजावाजा केला, तरी दाखवली रोजच्या रोज, रात्री साडेदहाला, जुन्या वेळेला.

प्रॉस्पेक्ट पार्कच्या पत्राकडे परत जाऊ, कारण त्यांची बाजूही पोकळ नव्हती. टीव्हीच्या वाहिनीला मोघम अंदाजावर भागवावं लागतं. इंटरनेटवर मालिका दाखवणाऱ्याला कोण केव्हा बघतं ते दिसतं. त्यांना दिसलं ते असं : पहिला दिवस सोडला तर भाग आला त्याच दिवशी बघणारे दिवसेंदिवस घटत आहेत. लोक भाग साठवतात आणि एका बैठकीत चार-पाच संपवतात. बरेच जण मागे पडतात, आणि मागे पडलेला माणूस लाजेने म्हणा, कंटाळ्याने म्हणा, शेवटी सोडून देतो. तेव्हा भाग कमी केले तर सगळे बरोबर चालतील. नव्या वेळापत्रकात ‘ऑल माय चिल्ड्रन’ सोमवारी आणि बुधवारी, ‘वन लाइफ टू लिव्ह’ मंगळवारी आणि गुरुवारी. दोन्ही बघणाऱ्याला चार दिवस काहीतरी मिळणार होतंच.

हिशेब म्हणून हे बिनतोड आहे. फक्त साठवून बघणं म्हणजे नकोसं होणं, हा त्यातला निष्कर्ष मला पटत नाही. सोप ऑपेराचा प्रेक्षक व्हिडिओ कॅसेट आल्यापासून भाग साठवतोच आहे. नोकरी करणाऱ्या बायका दुपारची मालिका टेप करून रात्री किंवा शनिवारी बघत, आणि म्हणून कोणी एबीसीला भाग कमी करा असं कळवलं नव्हतं. रोजची मालिका रोज बघितलीच पाहिजे असं नसतं, ती रोज असली पाहिजे. आपण नसलो तरी गाव चालू आहे, हा भरवसा त्यात असतो. शिवाय आठवड्यातून दोनदा अर्धा तास म्हटलं की बुधवारच्या भागाच्या शेवटी टांगून ठेवलेला प्रसंग सोमवारपर्यंत टांगलेला राहतो. एबीसीवर अशी टांगणी शुक्रवारची असे आणि ती दोन दिवसांची असे. तेवढ्यासाठी लेखक आठवड्याभराची चढण बांधत. नव्या वेळापत्रकात चढण चढायच्या आतच आठवडा संपायचा.

पैशांचा संशय प्रेक्षकांना आलाच. संस्थेने कारण म्हणून बघण्याच्या सवयी पुढे केल्या. प्रेक्षकांना वाटलं, परवडत नाही हे सरळ का सांगत नाहीत? पुढच्या काही आठवड्यांत कामगार संघटनेशी वाद होऊन ‘वन लाइफ टू लिव्ह’चं चित्रीकरण थांबलं, तेव्हा हा संशय अगदीच निराधार नव्हता हे दिसलं. एबीसीशी तर कोर्टकज्जा आधीपासूनच चालू होता. लॅनव्ह्यूची काही पात्रं मधल्या काळात ‘जनरल हॉस्पिटल’मध्ये उसनी गेली होती आणि तिथे त्यांची वासलात लावण्यात आली, अशी प्रॉस्पेक्ट पार्कची तक्रार होती. जुलैत ओप्रा विन्फ्रीच्या वाहिनीवर दहा आठवड्यांसाठी हे भाग दाखवले गेले, पण त्याने गाडी रुळावर आली नाही. ‘वन लाइफ टू लिव्ह’चा शेवटचा भाग १९ ऑगस्टला आला, ‘ऑल माय चिल्ड्रन’चा २ सप्टेंबरला. मार्च २०१४ मध्ये संस्थेने दिवाळखोरी जाहीर केली.

पाइन व्हॅलीचे नवे भाग भरले त्रेचाळीस, लॅनव्ह्यूचे चाळीस. अर्ध्या अर्ध्या तासाने मोजलं तर पहिलीचे साडेएकवीस तास, दुसरीचे वीस. जुन्या दिवसांत एबीसीने एवढा वेळ महिनाभरातच भरून काढला असता. इथे त्याला अठरा आठवडे लागले. त्या अठरा आठवड्यांत घटना काही कमी घडल्या नाहीत : माणूस कोमातून उठला, एका मुलीला देहविक्रीच्या टोळीने पळवलं, प्रेमं जुळली आणि तुटली. ॲग्नेस निक्सनने एवढ्या ऐवजावर दोन वर्षं काढली असती, आणि लोक तिच्या नावाने खडे फोडत रोज दुपारी हजर राहिले असते.

‘डॅलस’ या अमेरिकी मालिकेची गोष्ट वेगळी होती हेही सांगायला हवं. तीही २०१२ मध्ये परतली, पहिल्या हंगामाला अवघे दहा भाग, आणि कटकारस्थानांचा वेग मूळ मालिकेच्या दुप्पट. भाग थोडे म्हणून कोणी निदर्शनं केली नाहीत. डॅलस मुळातच आठवड्यातून एकदा रात्री भेटणारी पाहुणी होती. परत आली तीही आठवड्यातून एकदाच.

अमेरिकेतल्या वाहिन्यांनी प्रॉस्पेक्ट पार्कच्या प्रयोगानंतर बरीच वर्षं दुपारच्या नव्या मालिकेचा नाद सोडून दिला होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीएसने ‘बियाँड द गेट्स’ आणली, ‘पॅशन्स’नंतरची मोठ्या वाहिनीवरची पहिली नवी दैनंदिन सोप ऑपेरा. मेरीलँडमधल्या एका श्रीमंत कृष्णवर्णीय कुटुंबाची गोष्ट. भाग बघायचे ते दुपारी टीव्हीवर बघा नाहीतर सवडीने इंटरनेटवर, दोन्ही सोयी आहेत. भाग एका तासाचा आहे आणि आठवड्याला पाच आहेत.